कोरी हवा

नाकाने कांदे सोलणारी माणसं प्रत्येक कचेरीत असतात. नगरपालिकेच्या हवा विभागात मात्र नाकाचा रीतसर पगार घेणारी चार माणसं होती, आणि त्यांतल्या सगळ्यांत जुन्या म्हणजे मावशी. कागदोपत्री त्या ‘गंध परीक्षक’ होत्या. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना नाकवाल्या मावशीच म्हणत, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. आपण कष्टाने मिळवलेलं नाव आहे हे, असं त्या म्हणत.

बाकीचे तिघे म्हणजे एक शिंपी, एक निवृत्त मास्तर आणि ग्रंथालयात काम करणारी एक मुलगी. चौघांनाही नियम सारखेच. कामाच्या दिवशी कच्चा कांदा नाही, लसूण नाही, तंबाखूचं तर नावच काढायचं नाही. वासाचं तेल, वासाचा साबण, अत्तर सगळं बंद. सर्दी झाली की रजा, तीही भरपगारी आणि सक्तीची. शिंप्याला सर्दी फार होई, आणि दुकानात काम तुंबलं की हमखास होई.

लोक हसत. रस्त्याच्या कडेला एवढी महागाची यंत्रं उभी केलीत, धूळ मोजतात, धूर मोजतात, मग ही नाकं कशाला पोसायची? मावशींचं उत्तर ठरलेलं होतं, की यंत्राला मळमळत नाही. आणि ते खरंच होतं. पालिकेने कचरा जाळणाऱ्यांना दंड लावला, शाळा सुटायच्या वेळी मालट्रक बंद केले, बांधकामांवर ओली कापडं टाकायला लावली. त्याचा फरक यंत्रांवर दिसला. पण एखाद्या गल्लीतली बाई जेव्हा सांगे की दुपारी खिडकी उघडली की पोटात ढवळतं, तेव्हा यंत्र म्हणे, सगळं हद्दीत आहे. तेव्हा मावशींना पाठवत.

काम दिसायला सोपं. गल्लीत जायचं, काठीला बांधलेल्या चिंधीवरून वारा कुठून येतो ते बघायचं, आणि एकमेकांपासून लांब उभं राहून श्वास घ्यायचा. वास नसेल तर शून्य. चार म्हणजे माणूस खिडकी लावून घेईल असा. पाच म्हणजे उलटी. आपापला आकडा टिपायचा आणि एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही, कारण एकाने ‘सडकं अंडं’ म्हटलं की उरलेल्या तिघांनाही अंडंच येतं. नाक फार ऐकण्यातलं असतं. अशा पुष्कळ फेऱ्या झाल्या की आकड्यांवरून ठरायचं, कारखान्याला नोटीस द्यायची की तक्रारदाराची समजूत काढायची.

समजूत काढायची पाळीही येई. आपल्याच घरात वास कोंडलाय असं सांगणारी एकटी, म्हातारी माणसं प्रत्येक शहरात असतात. चौघं जाऊन बसत, पाणी पीत, प्रामाणिकपणे हुंगत आणि शून्य लिहून बाहेर पडत. अशा तक्रारींना त्यांच्यात ‘घरचा वास’ म्हणत. जिना उतरताना थोडं हसणंही होई. मावशीही हसल्या होत्या.

अशा नाकवाल्या बाईचा नवरा रबराच्या कारखान्यात साच्यावर कामाला होता. जोड्या वर जमतात म्हणतात; ही जोडी जमवताना वरच्याला सर्दी झाली असावी. कारखान्यात बुटांचे तळवे आणि नळांचे वायसर बनत. कच्चं रबर गंधक घालून शिजवतात, त्याचा वास कपड्यांत शिरतो, केसांत शिरतो आणि मग साबणाला दाद देत नाही. इमारतीतली पोरं त्यांना रबरकाका म्हणत. काका संध्याकाळी जिना चढले की आधी वास वर येई, मग ते येत.

दाराबाहेरच्या गॅलरीत मावशींनी बादली ठेवलेली असे. शर्ट तिथेच उतरवायचा, बादलीत टाकायचा, मग थेट न्हाणीत. त्याआधी घरात कशाला हात लावायचा नाही. “आधी बादली, मग बायको,” असं काका शेजाऱ्यांना सांगत आणि स्वतःच हसत. आंघोळ करून आले तरी वास उरलेलाच असे. ते काही सांगायला जवळ वाकले की मावशी तोंड फिरवत. मुद्दाम नाही. नाक आधी फिरे आणि तोंड त्याच्यामागे जाई. काकांनी ते कधी मनाला लावून घेतल्यासारखं दाखवलं नाही.

मग त्याच कारखान्याविरुद्ध तक्रार आली. मागच्या बाजूला शाळा होती, आणि दुपारनंतर मुलांची डोकी दुखत. मावशींनी तेव्हाच्या साहेबांना सांगितलं की माझा माणूस तिथे कामाला आहे, मला वगळा. साहेब म्हणाले, चौथं नाक मी आणू कुठून, तुम्ही नाकासमोर चालणाऱ्या आहात, जा. रात्री जेवताना त्यांनी काकांना विचारलं, काय करू.

“जे येतं ते लिही,” काका म्हणाले. “माझ्यासाठी नाक दाबून उभी राहू नकोस. तिथे पोरं आहेत.”

मावशींनी चार लिहिले. मास्तरांनी, शिंप्याने आणि त्या मुलीनेही तेच लिहिले. कारखान्याला नोटीस गेली: धुराडं उंच करा, त्याच्या तोंडाशी गाळणी बसवा, शाळेच्या वेळात भट्टी लावू नका. मालकाने हिशेब केला आणि कारखाना उचलून दुसरीकडे नेला. शाळेच्या खिडक्या उघडल्या, मुलांची डोकी दुखायची थांबली. हे काम चांगलं झालं, याबद्दल कुणी शंका घेऊ नये. मावशींनीही कधी घेतली नाही.

काका मात्र या वयात परगावी कुठे जाणार. ते घरी बसले, आणि मग कळलं की त्यांची छाती किती वर्षं भरत आली होती. बाहेरच्या हवेचं खातं वेगळं, आतल्या हवेचं वेगळं. भिंतीबाहेर चार परीक्षक उभे राहिले. आत, साच्यापाशी, एवढ्या वर्षांत कुणी एक श्वास घेऊन बघितला नाही. काका म्हणत, “सुंठीवाचून खोकला जातो म्हणतात. आमचा कारखाना गेला आणि खोकला राहिला.” घरात रबराच्या जागी मलमाचा वास आला, वाफेच्या औषधाचा आला, मग इस्पितळाचा आला. पुढच्या हिवाळ्यात काका गेले.

मावशी कामावर जात राहिल्या. काही वर्षं नीट गेली. मग त्यांना एक सर्दी झाली, अशी की दोन आठवडे साखर आणि मीठ सारखंच लागलं. सर्दी उतरली, आणि एका संध्याकाळी त्या दिवा लावत असताना जिन्यावरून वास वर आला. रबर आणि गंधक. आला तो काकांच्याच वेळेला आला आणि दाराशी येऊन थांबला.

त्यांनी दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. दार लावलं तरी वास तिथेच होता, आत न येता, उंबऱ्याबाहेर उभा असल्यासारखा. मावशी घाबरट नव्हत्या, पण त्या संध्याकाळी त्यांनी साखळी लावली आणि मग आपण साखळी कुणाला लावली, या विचाराने ती पुन्हा काढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उपसलं. काकांचे राहिलेले शर्ट धुतले, वाळवले, देऊन टाकले. मोरी घासली, शेजाऱ्यांच्या जिन्यातल्या चपला हुंगून पाहिल्या. वास संध्याकाळी यायचा तो आलाच. त्यांची लेक भेटायला आली तेव्हा तिला मुद्दाम दारात उभं केलं.

“काय येतंय?”

“काही नाही, आई. साबणाचाही येत नाही. आपल्याकडे साबण कुठे वासाचा असतो?”

“नीट बघ.”

मुलीने नीट हुंगलं आणि मग वासाऐवजी आईकडेच नीट बघितलं. मावशींनी विषय बदलला. जिना उतरताना आपण ज्यांना हसलो, ती सगळी म्हातारी माणसं त्यांना त्या रात्री एकेक करून आठवली.

विभागात त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय, की माझा मेलेला नवरा दाराशी येतो? त्यांना तर वाटू लागलं होतं की ते जाब विचारायला येतात. जन्मभर दाराबाहेर उभं केलंस, पोटावर पाय आणलास, वर एकदा तोंड वळवून बघितलंही नाहीस. काका असं बोलणारे नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं. पण वास काही बोलत नाही, त्यामुळे त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. संध्याकाळ जवळ आली की त्या दिवा लावायचं लांबवत.

याच सुमाराला जुन्या कारखान्याच्या जागेवर नवीन वर्कशॉप सुरू झालं. झिजलेल्या टायरांवर नवीन रबर चढवायचं काम. शाळेतल्या पालकांनी आधीच धसका घेऊन तक्रार केली आणि चौघांना त्याच गल्लीत पाठवलं गेलं. फाटकाशी मुकादम उभा होता. तो काकांबरोबर साच्यावर काम केलेला, आता तोही थकलेला.

“वहिनी, या,” तो म्हणाला. “नवीन बंद भट्टी आहे, धूर बाहेर पडत नाही. तरी तुम्ही बघा. चाळीस माणसं लागलीत कामाला, त्यांत आपली जुनी पाच आहेत.”

“मी आहे ते लिहिणार.”

“ते ठाऊक आहे ना. तो सांगायचा आम्हाला, माझी बायको खोटं लिहिणार नाही. अभिमानाने सांगायचा.”

मावशी खांबापाशी उभ्या राहिल्या. चिंधी वर्कशॉपकडून शाळेकडे हलत होती, म्हणजे वारा बरोबर होता. त्यांनी श्वास घेतला आणि वास आला. रबर, गंधक, भरदुपारी, भरवस्तीत. क्षणभर त्यांना एवढं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे वास बाहेरचाच आहे. वर्कशॉप सुरू झालंय, वारा फिरतोय, संध्याकाळी आपल्या जिन्यापर्यंत पोहोचतोय. भूत नाही, भास नाही, साधी नगरपालिकेच्या अखत्यारीतली गोष्ट आहे. त्यांनी चार लिहिले.

पुढच्या फेऱ्यांनाही चारच लिहिले. आणि घरी येऊन त्या विचार करत, की वास वर्कशॉपचा निघाला तर आपलं नाक शाबूत, मात्र चाळीस माणसं पुन्हा घरी बसणार, माझ्याच हाताने. आणि वास माझ्याच नाकातला निघाला, तर मी संपले. यातलं काय व्हावं, हे त्यांना ठरवता येईना.

विभागाच्या नवीन प्रमुख वयाने मावशींच्या मुलीएवढ्या होत्या; त्यांना सगळे मॅडम म्हणत. मॅडमनी आकडे बघितले. शिंप्याचे शून्य, मास्तरांचे शून्य, ग्रंथालयातल्या मुलीचा कधी शून्य, कधी एक. मावशींचे चार, चार, चार. मॅडमनी कागद मिटला. फक्त म्हणाल्या, मावशी, वर्षाची परीक्षा जरा आधी उरकून घेऊ.

परीक्षेची खोली म्हणजे पडदे नाहीत, गालिचा नाही, लाकूड नाही. वास धरून ठेवील असं काही ठेवलेलंच नाही. टेबलावर यंत्र, त्याला तीन नळ्या. दोन नळ्यांतून गाळलेली हवा येते, तिला त्यांच्यात कोरी हवा म्हणत. तिसरीतून वास. कुठल्या नळीत वास आहे ते सांगायचं. मावशींनी हे इतक्या वेळा केलं होतं की त्या नळीला नाक लावताना नव्या माणसासारख्या डोळे मिटत नसत. त्या दिवशी त्यांनी मिटले.

“दुसरी,” त्या म्हणाल्या. “रबर.”

मॅडमनी बटण दाबलं. “आता?”

“तिसरी. तेच.”

“आता?”

“पहिली. मॅडम, तुम्ही एकच वास सारखा का लावताय?”

मॅडम उठून टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. “मावशी, तिन्ही वेळा तिन्ही नळ्यांत कोरी हवा होती.”

मावशींनी नाक नळीपासून दूर घेतलं. मग मॅडमनी हळूच विचारलं, “वास कसा आहे, ते सांगाल? नेहमी सांगता तसा.”

हे मावशींना येत होतं. त्यांनी पुन्हा श्वास घेतला आणि कामाच्या आवाजात सांगू लागल्या. “वर गंधक. त्याखाली गरम रबर, जळलेलं नाही, शिजलेलं. थोडं यंत्राचं तेल. आणि अगदी तळाशी घाम.” त्या थांबल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “धुराड्याला घाम येत नाही, मॅडम.”

आणि तिथे, त्या काहीही धरून न ठेवणाऱ्या खोलीत, मावशी रडल्या. मॅडमनी त्यांचा हात धरला.

त्यांचे चारचे आकडे खोडले गेले. बाकी तिघांच्या आकड्यांवर वर्कशॉप हद्दीत ठरलं, फक्त भट्टीची तपासणी दर महिन्याला करायचं ठरलं. मुकादमाने निरोप पाठवला की वहिनींना सांगा, आभारी आहे. आभार कशाचे, हे मावशींनाच कळलं नाही.

लेक त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या सर्दीनंतर कधी कधी होतं असं. आतल्या नसा दुखावतात आणि नसलेला वास सांगत राहतात. मिठाच्या पाण्याने नाक धुवा, हे थेंब घाला, बहुतेकांचं जातं.

“नाही घातले तर?” मावशींनी विचारलं.

“धोका नाही. त्रास होईल इतकंच.”

मॅडमनी त्यांची जागा भरली नव्हती, बरं वाटलं की या म्हणाल्या होत्या. शाळा होती, ते वर्कशॉप होतं, उद्या खरंच कुठून धूर आला तर चौथं नाक लागणार होतं. पण खरं सांगायचं तर मावशींनी थेंब घातले ते यांतल्या कशासाठीच नाही. त्यांना रोज संध्याकाळी तो जाब ऐकवत नव्हता. बाकी सगळी नंतरची कारणं.

वास एकदम गेला नाही. आधी गंधक गेला. नाकाला टोचणारी ती धार एक दिवस नव्हती. मग यंत्राचं तेल. मग रबर पातळ होत गेलं. आणि एका संध्याकाळी मावशी दिवा लावत होत्या तेव्हा जिन्यावरून नुसते काका आले.

मावशी जागच्या जागी उभ्या राहिल्या. लग्न ठरलं तेव्हाही काका साच्यावरच होते. कारखाना गेला आणि मलम आलं. असा निव्वळ माणूस त्यांना सगळ्या संसारात एकदाही मिळाला नव्हता. दमलेल्या, उन्हातून आलेल्या माणसाच्या अंगाचा साधा वास, जरासा गोडसर. यात कुठला जाब नव्हता. काकांनी कधी काही विचारलंच नव्हतं. मधे रबर होतं म्हणून मावशींना ते कळलं नव्हतं. किती चांगला वास होता त्यांचा. त्यांनी दार सताड उघडलं आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी थेंब बंद केले. नाक धुणंही बंद. लेकीने विचारलं तर खोटं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदाच वासाबद्दल खोटं सांगितलं. काही संध्याकाळी काका आले. मावशी त्यांच्याशी थोडं बोलल्याही, इकडचं तिकडचं, शिंप्याला पुन्हा सर्दी झाल्याचं. पण नाक एकदा बरं व्हायच्या वाटेला लागलं होतं आणि आता ते कुणाचं ऐकत नव्हतं. वास रोज थोडा उशिरा येई, रोज थोडा लांब थांबे. मग एका संध्याकाळी जिन्यात शेजारच्या घरची फोडणी होती, ओल्या भिंतीचा वास होता, आणि बाकी काही नव्हतं.

मावशींनी परीक्षा दिली. तिन्ही नळ्या कोऱ्या होत्या, आणि त्यांनी कोऱ्याच सांगितल्या. मॅडम आनंदाने म्हणाल्या, मावशी, बरोबर. लेकीने पुन्हा विचारलं, येतो का गं अजून? नाही येत, त्या म्हणाल्या. या वेळी ते खरं होतं.

महिन्याच्या तपासणीला चौघं पुन्हा त्या गल्लीत गेली. चिंधी शाळेकडे हलत होती. आतल्या मैदानावर मुलं ओरडत होती, सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मावशींनी श्वास घेतला आणि शून्य लिहिलं.

“वहिनी, आज काही नाही ना?” फाटकातून मुकादमाने विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “काहीच नाही.”

परीक्षकाने लांब श्वास घेऊ नये, त्याने नाक थकतं. फेरी संपली, शिंपी, मास्तर आणि ती मुलगी बसथांब्याकडे निघून गेली, तरी मावशी खांबापाशी उभ्या होत्या आणि त्या स्वच्छ हवेत एकामागून एक लांब श्वास घेत होत्या.